ईपीसी: दहा वर्षांत घर सुधारलं, दर्जा मात्र 'डी'वरून 'ई'वर घसरला

चाफेकळी | ९ मार्च २०२५, सकाळी १०:४०

नमस्कार मंडळी,

इंग्लंडात घर भाड्यानं देणारे आणि भाड्यानं राहणारे दोन्ही प्रकारचे लोक इथे आहेत, म्हणून हा धागा.

लेस्टरला क्लॅरेंडन पार्कमध्ये आमचं जुनं घर आहे. १९०० सालच्या आसपासचं, रांगेतलं मधलं, लाल विटांचं. खाली दोन खोल्या, वर दोन, मागे स्वयंपाकघर. २०१२ साली घेतलं, तीन वर्षं राहिलो. मग ह्यांची नोकरी मिल्टन कीन्सला गेली आणि एप्रिल २०१५ पासून घर भाड्यानं देतोय. तेव्हा काढलेल्या ईपीसीवर, म्हणजे घराच्या ऊर्जा-दाखल्यावर, 'डी' होतं ('ए' सगळ्यांत चांगलं, 'जी' सगळ्यांत वाईट), ५७ गुण. त्याची दहा वर्षांची मुदत आता संपतेय. सध्याचे भाडेकरू एप्रिलअखेर सोडणार आणि नवे मे महिन्यात येणार, म्हणून गेल्या आठवड्यात नवीन दाखला काढून घेतला. तो आला 'ई', ४८ गुण.

मला खरंच धक्का बसला. मधल्या काळात आम्ही हात आखडून बसलो नव्हतो. २०१७ साली माळ्यावर जाड इन्सुलेशन, म्हणजे ऊब अडवणारा थर, घालून वर फळ्या टाकल्या. २०२० मध्ये मागच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीला आतून बोर्ड लावले, २०२१ मध्ये नवा बॉयलर बसवला. एवढं करून गुण नऊने कमी कसे झाले?

त्यात गेल्या महिन्यात भाड्याच्या घरांसाठी सरकारचा नवा मसुदा आलाय. नव्या भाडेकरारांना २०२८ पासून आणि सगळ्यांना २०३० पासून किमान 'सी' लागेल म्हणे. झोप उडाली आहे. ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया सांगा.

---

हाउन्स्लोकर | ९ मार्च, सकाळी ११:१५

तुम्ही एकट्या नाही. माझी दोन घरं आहेत, दोन्ही 'डी'. वाचतोय.

---

मोजपट्टी | ९ मार्च, दुपारी १:०५

चाफेकळीताई, मी स्लाऊच्या बाजूला हेच काम करतो, घरोघर जाऊन ईपीसीची पाहणी. तीन गोष्टी सांगा, मग बोलू.

१. पाहणीच्या दिवशी घरी कोण होतं?
२. माळ्याची झडप उघडली होती का?
३. दाखल्यावर छपरासमोर नेमकं काय लिहिलंय?

---

चाफेकळी | ९ मार्च, दुपारी ३:३०

घरी भाडेकरू होते, आम्ही इकडे. माळ्यावर आमचं सामान आहे म्हणून झडपेला कुलूप असतं आणि किल्ली माझ्याकडे. आता दाखला पुन्हा उघडून बघितला. छपरासमोर लिहिलंय: 'इन्सुलेशन नाही, गृहीत'. भिंतीसमोर: 'भरीव वीट, इन्सुलेशन नाही, गृहीत'.

हे 'गृहीत' म्हणजे काय? २७० मिमीची इन्सुलेशनची लोकर आहे तिथे! मी स्वतः उभी राहून घालून घेतली आहे.

---

मोजपट्टी | ९ मार्च, रात्री ९:२०

हेच वाटलं होतं. जरा सविस्तर लिहितो, कारण दर आठवड्याला एका तरी घरात मला हे समजावून सांगावं लागतं.

ईपीसी हे तुमच्या वीज-गॅसच्या बिलावरून काढत नाहीत. एका ठरावीक पद्धतीनं हिशेब होतो. घरात अमुक इतकी माणसं आहेत, मुख्य खोली २१ अंशांवर आणि बाकीचं घर १८ अंशांवर ठेवलंय असं धरतात. मग ते घर तेवढं उबदार ठेवायला, पाणी तापवायला आणि दिव्यांना वर्षाकाठी किती पैसे पडतील ते क्षेत्रफळाच्या मानानं काढतात. तो खर्च म्हणजे तुमचे गुण. ३९ ते ५४ 'ई', ५५ ते ६८ 'डी', ६९ ते ८० 'सी'. तुम्ही काटकसरीनं हीटिंग लावता की चोवीस तास, याचा गुणांशी संबंध नाही. दाखला घराचा असतो, राहणाऱ्याचा नाही.

आता घर कसं आहे हे पाहणी करणाऱ्यानं ठरवायचं. पण आम्हाला भिंत फोडायची, फरशी उचकटायची परवानगी नाही. डोळ्यांनी दिसेल ते, मोजता येईल ते आणि कागदानं सिद्ध होईल ते, एवढंच लिहायचं. बाकी सगळं घराच्या वयावरून धरायचं. १९०० सालच्या घराचा माळा बघता आला नाही, तर त्या काळी जसा बांधला असेल तसा धरतात, म्हणजे उघडा. तुमची २७० मिमीची लोकर कुलपाआड राहिली आणि हिशेबात आलीच नाही. २०१५ साली झडप उघडी असणार, तेव्हाचं जे काही इन्सुलेशन असेल ते कोणीतरी डोकावून बघितलं असणार. छपराचे गुण थोडेथोडके नसतात. मधल्या काळात हिशेबाची पद्धतही बदलत गेली आहे, पण तुमच्या गुणांना खरी गळती लागली ती त्या कुलपामुळे.

भिंतीचंही तेच. बोर्डावर प्लास्टर झालं, रंग लागला की आत काय आहे हे कोणाला दिसणार? त्यासाठी कागद लागतो: त्या घराचा पत्ता आणि जाडी लिहिलेलं गवंड्याचं बिल, हमीपत्र, किंवा कौन्सिलच्या (तिथल्या पालिकेच्या) बिल्डिंग कंट्रोलचा, म्हणजे बांधकाम तपासणाऱ्या विभागाचा, पूर्ततेचा दाखला. 'आम्ही केलंय हो' असं मालक कळवळून सांगतात, मला खरंही वाटतं, पण शब्दावर मी एक गुण देऊ शकत नाही.

करायचं काय? ज्याने पाहणी केली त्यालाच फोन करा, माळा उघडून देते आणि कागद दाखवते म्हणून सांगा. बहुतेक जण थोडे पैसे घेऊन पुन्हा येतात आणि नवा दाखला नोंदवतात. ईपीसीच्या सरकारी रजिस्टरवर शोधणाऱ्याला मग ताजा दिसतो.

---

चाफेकळी | ९ मार्च, रात्री १०:१०

मोजपट्टीदादा, मनापासून आभार. आज रात्रीच २०२० च्या ईमेल उपसते.

---

हाउन्स्लोकर | १० मार्च, सकाळी ८:३०

मोजपट्टी, माहिती उत्तम. पण मूळ दुखण्यावर बोलू या. २०२० साली सरकारनं सांगितलं, २०२५ पासून नव्या करारांना 'सी', २०२८ पासून सगळ्यांना. माझ्या ओळखीच्या दोघांनी घाईनं पैसे घातले. सप्टेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान सुनक यांनी ते रद्द केलं. आता फेब्रुवारीत दुसऱ्या सरकारनं पुन्हा काढलं आणि खर्चाची मर्यादा घरामागे १५,००० पौंड. दोन घरांचे तीस हजार! कर्जाचं व्याज वाढलंय, करात व्याजाची पूर्ण वजावट कधीच गेली, आता वीस टक्क्यांचीच सवलत मिळते. आम्ही काही बडे जमीनदार नाही. पेन्शनसाठी म्हणून घर घेतलेली माणसं आहोत. नियम दर तीन वर्षांनी उलटा फिरणार असेल, तर माणसानं कशाच्या भरवशावर खर्च करायचा?

---

अबोली | १० मार्च, संध्याकाळी ७:४५

काका, तुमची अडचण समजते. मी दुसऱ्या बाजूचं सांगते, कारण इथे भाडेकरू फारसं लिहीत नाहीत.

मी नाशिकची. २०२२ च्या सप्टेंबरात मास्टर्ससाठी मिडलंड्सच्या एका शहरात आले. आम्ही चौघी मुलींनी मिळून एकाच करारावर एक अख्खं घर घेतलं. बघायला गेलो तेव्हा ऊन होतं, घर छान वाटलं. नोव्हेंबरात कळलं. खिडक्या एकेरी काचेच्या, सकाळी काचेवरून पाण्याचे ओघळ, खिडकीखालची लाकडी पट्टी कुजलेली. माझ्या कपाटामागे काळी बुरशी. आईनं दिलेली पैठणी मी त्या कपाटात ठेवली होती, तिच्या घडीवर डाग पडले ते अजून गेलेले नाहीत. मीटर आधी पैसे भरायचा होता. त्या हिवाळ्यात गॅस इतका महाग झाला होता की संध्याकाळी दोनच तास हीटिंग लावायचं असं आम्ही ठरवलं होतं. कोट घालून, गुडघ्यांवर गोधडी घेऊन मी प्रबंध लिहिला आहे. एजंटला कळवलं तर उत्तर आलं, 'तुम्ही स्वयंपाक जास्त करता, वाफ होते, खिडकी उघडा.' बाहेर दोन अंश!

फेब्रुवारीत वर्गातल्या एका मैत्रिणीनं सांगितलं की सरकारी संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की कुठल्याही घराचं ईपीसी फुकट बघता येतं. बघितलं. आमच्या घराचं 'एफ' होतं, तेही मुदत संपलेलं. आम्हाला कधी दिलंच नव्हतं.

मग कौन्सिलच्या भाड्याच्या घरांच्या विभागाला लिहिलं. बाई आल्या, बघून गेल्या, मालकाला पत्र गेलं, आणि मार्चमध्ये आमच्या घरात नव्या खिडक्या लागल्या. तोवर थंडी संपली होती.

म्हणून सांगते, घर घेण्याआधी पोस्टकोड टाका. भारतातून नुकत्याच आलेल्या मुलांना हे कोणी सांगत नाही. भाडं, स्टेशनपासून किती लांब, एवढंच आपण विचारतो.

---

चाफेकळी | १० मार्च, रात्री ८:३०

अबोली, बाळा, वाचून गलबलून आलं. आमच्या भाडेकरूंना मी दहा वर्षांत एकदाही विचारलं नाही की थंडीत घर कसं असतं. भाडं वेळेवर येत होतं, तक्रार नव्हती, म्हणजे सगळं ठीक असं धरून चालले.

---

मोजपट्टी | १० मार्च, रात्री १०:५०

अबोलीच्या घराबाबत कायदा अगदी स्पष्ट होता, तो नोंदवून ठेवतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ एप्रिल २०१८ पासून नव्या करारांना आणि १ एप्रिल २०२० पासून चालू करारांनाही किमान 'ई' लागतो. 'एफ' किंवा 'जी' असेल तर मालकानं व्हॅट धरून ३,५०० पौंडांपर्यंत खर्च करायचा. तेवढ्यात 'ई' होत नसेल तर सूट नोंदवायची, ती पाच वर्षं चालते. सूट न नोंदवता तीन महिने किंवा अधिक काळ घर भाड्यानं दिलं तर ४,००० पौंडांपर्यंत दंड, सगळं मिळून घरामागे ५,००० पर्यंत. शिवाय दाखला भाडेकरूला फुकट द्यावा लागतो आणि जाहिरातीत दर्जा छापावा लागतो. दाखला दिला नसेल तर इंग्लंडात मालकाची सेक्शन २१ ची, म्हणजे कारण न देता घर रिकामं करायला सांगणारी, नोटीसही लागू पडत नव्हती, हे कित्येक मालकांना नोटीस फेटाळली गेल्यावरच कळलं.

आणि बुरशीबद्दल. २०२० च्या डिसेंबरात रॉचडेलमध्ये दोन वर्षांचा अवाब इशाक गेला. घरातल्या बुरशीमुळे त्याला श्वसनाचा आजार झाला होता असं २०२२ मध्ये कॉरोनरनं, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं, सांगितलं. त्याच्या आईवडिलांनी वारंवार तक्रार केली होती. ते घर सामाजिक गृहनिर्माण संस्थेचं होतं, खाजगी मालकाचं नव्हे, पण ओल काही मालक बघून येत नाही. २००४ च्या हाउसिंग ॲक्टखाली 'अति थंडी' आणि 'ओल व बुरशी' हे दोन्ही धोके म्हणून मोजले जातात. ईपीसी चांगलं असलं तरी कौन्सिल त्यावर कारवाई करू शकतं. भाडेकरूंनो, 'स्वयंपाक जास्त करता' हे ऐकून गप्प बसू नका. फोटो काढा, तारीख घाला, लेखी कळवा.

हाउन्स्लोकर, तुमचा राग अनाठायी नाही. नियमाची अशी धरसोड झाली की ज्यानं लवकर केलं तो पस्तावतो. पण एक लक्षात घ्या. आत्ता जे आहे तो मसुदा आहे, २ मे २०२५ पर्यंत कोणीही मत कळवू शकतो. मत कळवा, तुमच्यासारख्यांनी कळवायलाच हवं. त्याच मसुद्यात कमी भाड्याच्या घरांसाठी १०,००० ची मर्यादा ठेवण्याचा विचार मांडलाय. आणखी महत्त्वाचं म्हणजे दाखल्याची मोजणीच बदलायची आहे. आधी घराचा सांगाडा, म्हणजे भिंती, छप्पर, खिडक्या, जमीन. ते जमलं की मग हीटिंग किंवा स्मार्ट उपकरणं, यांपैकी एक मालकानं निवडायचं. म्हणून आज केवळ गुणांसाठी काहीतरी चकचकीत बसवू नका.

---

ग्रॅनाईट | ११ मार्च, दुपारी १२:४०

ॲबर्डीनहून. ही 'किमान ई'ची अट स्कॉटलंडला लागू नाही, आमचा कायदा वेगळा. दाखला मात्र लागतोच आणि तो घरात चिकटवून ठेवावा लागतो, बहुधा बॉयलरच्या कपाटात किंवा मीटरपाशी. आमची खरी पंचाईत वेगळी आहे. जुन्या दगडी इमारतीत आठ बिऱ्हाडं, छप्पर सामाईक. वरच्या मजल्यावरच्याला इन्सुलेशन घालायचं तर शेजाऱ्यांची संमती हवी. पुण्यातल्या सोसायटीची सभा आठवते.

---

पवनचक्की | ११ मार्च, संध्याकाळी ६:१५

नेदरलँड्समध्ये, आयंडहोव्हनला, वेगळा मार्ग आहे आणि मला तो जास्त पटतो. इथे घराला गुण असतात: क्षेत्रफळ, स्वयंपाकघर, बाथरूम, आणि ऊर्जेचं लेबलही. बहुतेक घरांचं कमाल भाडं या गुणांवरून ठरतं. जुलै २०२४ पासून 'ई', 'एफ', 'जी' लेबलाचे गुण वजा होतात. म्हणजे घर थंड ठेवलं तर मालकाचं भाडंच कमी होतं. सुधारलं की भाडं वाढवता येतं. इंग्लंडात मालकाचा खर्च आणि भाडेकरूची बचत, दोघांचा मेळच बसत नाही. हाउन्स्लोकरांची तक्रार मला तिथे खरी वाटते.

फ्रान्स त्याहून कडक. १ जानेवारी २०२५ पासून 'जी' घर नव्यानं भाड्यानं देताच येत नाही, २०२८ पासून 'एफ', २०३४ पासून 'ई'.

---

सिंहगडरोड | ११ मार्च, रात्री ९:००

पुण्यातला फ्लॅट भाड्यानं देताना असा काही कागद लागतो का? वरच्या मजल्यावर आहे, एप्रिल-मे मध्ये भाडेकरूंचे फार हाल होतात.

---

मोजपट्टी | ११ मार्च, रात्री ९:३५

भाड्यासाठी असा दाखला भारतात लागत नाही. फ्रिज-एसीवरचे तारे देणाऱ्या ऊर्जा दक्षता ब्युरोनं २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी इको निवास संहिता आणली, पण ती नव्या बांधकामासाठी आहे. तुमच्या फ्लॅटला गच्चीवर पांढरा परावर्तक रंग किंवा पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचा थर द्या. ऊन वरच अडवलं तर खालचा पंखा गरम हवा फिरवणार नाही.

---

चाफेकळी | १६ मार्च, दुपारी ४:२०

बिल सापडलं! गवंड्यानं ईमेलनं पाठवलं होतं. पत्ता आहे, '५० मिमी इन्सुलेटेड बोर्ड, मागची भिंत' असं स्पष्ट आहे. आज लेस्टरला जाऊन माळाही उघडला. झडपेच्या कडेला पट्टी लावून बघितली, २७० मिमी भरतेय. सामान कोपऱ्यात सरकवलं. पाहणीवाले गृहस्थ २७ तारखेला पुन्हा येतायत, मी स्वतः थांबणार आहे.

अबोली, तुझं वाचल्यापासून मनात होतं म्हणून भाडेकरूंशी बोलत बसले. तेलुगू जोडपं आहे, चार वर्षं राहतायत. चहा दिला त्यांनी. विचारलं, थंडीत कसं असतं? आधी 'सगळं छान' म्हणाले. मी पुन्हा विचारलं तेव्हा ती म्हणाली, पुढच्या खोलीत जमिनीतून गार वारा येतो, म्हणून हिवाळ्यात ते ती खोली बंदच ठेवतात. चार हिवाळे. भाडं मात्र ते त्या खोलीचंही देत होते. मला तिथे बसवेना.

---

अबोली | १६ मार्च, संध्याकाळी ५:०५

काकू, तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंत हे फार मोठं आहे. आम्ही पहिल्यांदा 'छान'च म्हणतो. मालक नाराज झाला, पुढच्या घरासाठी शिफारसपत्र दिलं नाही, तर दुसरं घर मिळत नाही ही धास्ती असते.

---

हाउन्स्लोकर | १६ मार्च, रात्री ८:१०

माझं एक घर रिकामं होणार आहे जूनमध्ये. सोलर पॅनेल लावले तर 'सी' होईल असं एका विक्रेत्यानं सांगितलंय. मार्च २०२७ पर्यंत व्हॅटही शून्य आहे म्हणे. मोजपट्टी, काय म्हणता? आणि कोणी सरकारी अनुदान घेतलंय का?

---

मोजपट्टी | १७ मार्च, रात्री १०:२५

व्हॅटचं खरं आहे, इन्सुलेशनवरही शून्य आहे. सोलरनं सध्याच्या पद्धतीत आठ-दहा गुण मिळतात, म्हणून विक्रेते सोलरच दाखवतात. पण थंड भिंत थंडच राहते, आणि वर लिहिलं तसं मसुद्याप्रमाणे मोजणी सांगाड्याकडे झुकणार आहे. तुमच्या ईपीसीच्या शेवटी सुधारणांचा तक्ता आहे, प्रत्येक ओळीसमोर ती केल्यावर किती गुण होतील ते दिलंय. आधी तो वाचा. अनेक घरांत ज्या ओळी सगळ्यांत स्वस्त असतात त्याच कोणी करत नाही: गरम पाण्याच्या टाकीला जाड जाकीट, रेडिएटरना थर्मोस्टॅटचे व्हॉल्व्ह, एलईडी दिवे, फटी बुजवणं.

अनुदान: हीट पंपासाठी, म्हणजे बाहेरची ऊब खेचून घर तापवणाऱ्या विजेवरच्या यंत्रासाठी, बॉयलर अपग्रेड योजनेत ७,५०० पौंड मिळतात, मालकांनाही. पण गॅसच्या घरात हीट पंपानं गुण वाढतीलच असं नाही, कारण हिशेब खर्चाचा आहे आणि वीज गॅसपेक्षा कितीतरी महाग धरतात. ईसीओ४ ही इन्सुलेशनसारख्या कामांना मदत करणारी योजना मुख्यतः सरकारी भत्ते घेणाऱ्या कुटुंबांसाठी. आपल्याकडचे बहुतेक भाडेकरू व्हिसावर असतात, त्यांना ते भत्ते मिळतच नाहीत, त्यामुळे तिकडून फार आशा धरू नका.

आणि दारावर येऊन 'माळ्यावर फोम फवारून देतो' म्हणणाऱ्यांना नम्रपणे परत पाठवा. छपराच्या लाकडावर फोम मारला की आतलं लाकूड कसं आहे ते दिसत नाही. कित्येक कर्ज देणारे मग अशा घरावर कर्जच देत नाहीत.

---

चाफेकळी | ३० मार्च, सकाळी ११:००

नवा दाखला आला. 'डी', ६० गुण. माळा आणि मागची भिंत दोन्ही मोजलं गेलं. एक वीटही हलवली नाही, फक्त कुलूप उघडलं आणि एक कागद दाखवला, बारा गुण!

'सी'ला अजून नऊ हवेत. आम्ही घरात बसून ठरवलं की मे महिन्याऐवजी १ जूनला नवे भाडेकरू घ्यायचे, एक महिन्याचं भाडं सोडायचं, आणि त्या रिकाम्या महिन्यात पुढच्या खोलीची लाकडी जमीन उचलून खाली इन्सुलेशन घालायचं. पुढच्या भिंतीलाही आतून करायचं म्हणतोय. दर्जा पुढे काय ठरेल ते ठरो, ती खोली पुढच्या हिवाळ्यात कोणी बंद ठेवता कामा नये.

मोजपट्टीदादा, गवंडी म्हणतोय की वारा येतो त्या बाहेरच्या भिंतीतल्या खालच्या जाळ्या सिमेंटनं बुजवून टाकू, काम स्वस्तात होईल. चालेल का?

---

मोजपट्टी | ३० मार्च, दुपारी २:१५

अजिबात नको! त्या जाळ्यांमधून फळ्यांखालची हवा खेळती राहते. त्या बुजवल्या की ओल कोंडते आणि पाच-दहा वर्षांत तुळयांची टोकं कुजतात. जाळ्या उघड्याच ठेवायच्या, असलेल्या साफ करून घ्या. फळ्यांखालच्या तुळयांच्या मधे वेगळी जाळी ताणून त्यावर लोकर भरा, वरून फळ्यांच्या खाली हवा अडवणारा पडदा. वारा खाली राहील, ऊब वर.

पुढच्या भिंतीला हात लावण्याआधी बाहेरून विटांचे सांधे तपासा. सांधे झिजलेले असतील तर आधी ते चुन्यानं भरून घ्या. ओल्या भिंतीला आतून बोर्ड लावला की ओल आत अडकते. शंभर वर्षांपूर्वीच्या भरीव भिंतीला लाकडाच्या तंतूंचे बोर्ड आणि वर चुन्याचं प्लास्टर हे महाग पडतं, पण भिंत श्वास घेते. खिडकीच्या आतल्या बाजूच्या कडांनाही पातळ बोर्ड हवा, नाहीतर नेमकी तिथेच काळी बुरशी धरते. स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये दमटपणा ओळखून आपोआप चालू होणारा पंखा लावा. घर घट्ट केलं की वाफेला वाट ठेवावीच लागते. बिल्डिंग कंट्रोलला आधी कळवायला विसरू नका, पूर्ततेचा दाखला तिथूनच मिळतो.

---

हाउन्स्लोकर | ३० मार्च, संध्याकाळी ६:४०

मी काल माझ्या दोन्ही घरांचे माळे जाऊन बघितले. एकात १०० मिमी आहे, दुसऱ्यात नुसती धूळ. अकरा वर्षांत कधी वर चढलो नव्हतो. सोलरवाल्याला थांबवलंय. मसुद्यावर मतही लिहून पाठवणार आहे, पवनचक्कींनी लिहिलेला भाड्याचा मुद्दा त्यात घालतो.

---

चाफेकळी | ३० मार्च, रात्री ९:०५

आभार, अगदी मनापासून. गवंड्याला जाळ्यांचं सांगितलं, तो बिचारा वरमला. काम ६ मे ला सुरू होईल. जमीन उघडी असताना मी तिथे असणार आहे. पुढच्या दाखल्यासाठी नेमकं काय जपून ठेवू?

---

मोजपट्टी | ३० मार्च, रात्री ९:४०

पत्ता, जाडी आणि मालाचं नाव लिहिलेलं बिल. बिल्डिंग कंट्रोलचा दाखला. आणि फळ्या परत ठोकण्याआधी फोटो. फोटोत एक मोजपट्टी लोकरीत उभी खोचून ठेवा म्हणजे मिलिमीटर वाचता येतील. एक फोटो खोलीच्या दारातून घ्या, खिडकी दिसेल असा, म्हणजे ती हीच खोली हे कळेल. आणि हो, माळ्याची एक किल्ली नव्या भाडेकरूंकडे देऊन ठेवा.